देवमाशाचं पिल्लू आणि दुधीची भाजी

मराठी मध्यमवर्गीय बापाच्या डोक्यात टीव्हीवरच्या कार्यक्रमांची एक उतरंड असते. तळाला कार्टून, त्यावर सासू-सुनांच्या मालिका, त्यावर क्रिकेट आणि सगळ्यात वर, जवळजवळ देव्हाऱ्याच्या उंचीवर, माहितीपट. कार्टून लावलं की मूल टीव्ही बघतं. माहितीपट लावला की तेच मूल ज्ञान घेत असतं. टीव्ही तोच, सोफा तोच, सोफ्यावर सांडलेला चिवडाही तोच. शिवाय त्या पन्नास मिनिटांत पोळी-भाजी बिनबोभाट पोटात जाते आणि बापाला रविवारची पुरवणी वाचता येते, हा फायदा कुणी बोलून दाखवत नाही.

ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहणारे असेच एक बाबा. मुलगी तिसरीत. बायको बँकेत. घरात आजी, म्हणजे बाबांची आई, मूळची अलिबागकडची. बाबांनी आधी जंगल लावून पाहिलं होतं. तिथे दहाव्या मिनिटाला तरस आले. समुद्र त्या मानाने सात्त्विक वाटला. निळंशार पाणी, रंगीत मासे, मधूनच एखादं कासव. संथ वाहते वगैरे.

म्हणून त्यांनी बीबीसीची ‘ब्लू प्लॅनेट टू’ लावली. २०१७ ची मालिका, सात भाग. चार वर्षांचं चित्रीकरण, ३९ देश, १२५ मोहिमा, पाण्याखाली सहा हजारांहून जास्त तास. हे आकडे बाबांनी मुलीला आधीच ऐकवले, कारण कष्टांचे आकडे ऐकवणं हा संस्कारांचाच भाग असतो. निवेदक डेव्हिड ॲटनबरो. जन्म १९२६ चा. ‘म्हणजे आमच्या भाऊंच्याही आधीचा,’ आजी म्हणाली आणि चष्मा पुसून बसली. माणूस एवढा म्हातारा आहे म्हटल्यावर तिला कीर्तनाला बसल्यासारखं वाटू लागलं.

सुरुवात बाबांच्या मनासारखी झाली. डॉल्फिन लाटांवर स्वार होत होते, पोटापाण्याच्या कारणाशिवाय, निव्वळ मजा म्हणून. मग ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरचा एक मासा आला. तोंडात शिंपला धरून तो दूरवरच्या एका ठरलेल्या प्रवाळाकडे जातो आणि तिथे आपटून आपटून शिंपला फोडतो. बाबांनी संधी सोडली नाही. ‘बघ, किती चिकाटी! एकदा जमलं नाही म्हणून सोडून दिलं का त्याने?’

‘पण शिंपल्यात कुणीतरी आहे ना?’ मुलीने विचारलं.

‘तिसरी आहे ती,’ आजीने खुलासा केला. ‘कांदा-खोबऱ्यात छान लागते.’

पुढच्या प्रसंगाला बाबांनी पुरवणी खाली ठेवली. सेशेल्सच्या बेटांवर एक भलामोठा मासा पाण्यातून गोळ्यासारखा उसळी मारतो आणि उडायला शिकणाऱ्या कुररी पक्ष्याच्या पिल्लाला हवेतल्या हवेत गिळतो. हे आधी कुणी चित्रित केलेलं नव्हतं. एका मच्छीमाराने सांगितलेल्या गोष्टीवर विसंबून बीबीसीची माणसं एवढ्या लांब गेली होती. (रेवदंड्याच्या धक्क्यावर संध्याकाळी बसलं तर याहून जबर गोष्टी चहाच्या किमतीत ऐकायला मिळतात, पण तिथून कुणी कॅमेरा घेऊन निघत नाही.) पक्षी माशाला खातो एवढं मुलीला ठाऊक होतं. मासा पक्ष्याला खातो हे कळल्यावर ती घाबरली मात्र नाही. तिला हिशोब पूर्ण झाल्यासारखं वाटलं.

बाबांना खरा घाम फुटला तो जपानच्या किनाऱ्यावर. तिथे कोबुदाई नावाचा मासा आहे. नराच्या कपाळावर नारळाएवढं टेंगूळ, हनुवटी पुढे आलेली, एकूण चेहरा सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या तक्रारखोर सभासदासारखा. त्याच्या हद्दीत माद्या असतात. त्यातली एखादी मादी दहाएक वर्षांची झाली, अंगापिंडाने पुरेशी वाढली, की कपारीत जाऊन बसते आणि काही महिन्यांनी बाहेर येते ती नर होऊन. टेंगूळ, हनुवटी सगळं घेऊन. मग जुन्या नराला हुसकावून जागा बळकावते. ॲटनबरो हे सगळं ज्या मऊ आवाजात सांगतात, त्या आवाजात आपल्याकडे ‘पुढचं स्थानक दादर’ एवढंच सांगितलं जातं.

घरात थोडा वेळ शांतता. मग मुलगी आजीकडे वळली. ‘आजी, तू पण आजोबा होणार?’

‘माझी कधीपासून तयारी आहे,’ आजी म्हणाली. ‘तेवढंच दुपारी बसल्या जागी ताट मिळेल.’

बाबांनी रिमोट उचलला. नवीन मालिका जरा धीट असणार, जुनं ते सोनं, असा विचार करून पुढच्या रविवारी त्यांनी २००१ ची मूळ ‘ब्लू प्लॅनेट’ लावली. २००१ साली स्वतः बाबा कॉलेजात होते आणि त्या काळात सगळं सोज्वळ होतं असा त्यांचा समज आहे.

त्या मालिकेच्या पहिल्याच भागात करड्या देवमाशाची मादी आपल्या पिल्लाला घेऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे निघालेली असते. मेक्सिकोच्या उबदार खाड्यांत बाळंतपण उरकून थंड पाण्यातल्या खाण्याकडे चाललेली, म्हणजे थोडक्यात माहेराहून सासरी निघालेली. वाटेत ओर्कांचा कळप गाठतो. हे काळे-पांढरे प्राणी जातीने डॉल्फिनच. गेल्या रविवारी लाटांवर खेळणाऱ्यांचे चुलत भाऊ. ते आई आणि पिल्लू यांच्यामध्ये घुसतात, पुन्हा पुन्हा घुसतात. पिल्लाला पाण्याखाली दाबतात. सहा तास हा पाठलाग चालतो. आई शेवटपर्यंत मध्ये पडत राहते.

बाबांचा हात रिमोट शोधत होता. तो आजीच्या मांडीखाली होता आणि आजी हलायला तयार नव्हती. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती बघत होती. पिल्लू बुडालं. मग निवेदकाने सांगितलं की एवढ्या खटाटोपानंतर ओर्कांनी पिल्लाची जीभ आणि खालचा जबडा तेवढा खाल्ला. बाकीचं तसंच सोडून दिलं.

मुलगी रडेल म्हणून बाबा सरसावून बसले. मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. ‘बाकीचं सगळं पानात टाकलं?’

ज्या घरात पानात शितही टाकलेलं चालत नाही, ज्या घरात ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ हे वाक्य आठवड्यातून सरासरी तीनदा ऐकू येतं, तिथे हा गुन्हा खुनापेक्षा मोठा ठरला, यात नवल काय. आजीनेही मान डोलावली. ‘मारायचं तर मारा. पण मग संपवा तरी.’ बाबांना हायसं वाटलं. इतक्या रक्तपातातून एक तरी संस्कार हाती लागला होता.

तो आठवडाभरही टिकला नाही. त्याच मालिकेचा दुसरा भाग खोल समुद्रावरचा आहे. वरून मेलेला देवमासा तळाशी जाऊन पडतो, तिथल्या काळोखात मोठाले शार्क त्याचे लचके तोडतात, हॅगफिश नावाचे गिळगिळीत प्राणी त्याच्या अंगात शिरून आतून जेवतात, आणि दीड वर्षानंतर नुसता सांगाडा उरतो. त्या तळाशी सूर्य नाही, शेती नाही. वरून जे पडेल त्यावर सगळा संसार. बाबांना हा भाग आवडला, विज्ञान होतं त्यात. दुसऱ्या दिवशी रात्री मुलीने दुधीची भाजी पानाच्या कडेला सारली आणि शांतपणे म्हणाली, ‘टाकलेलं वाया जात नाही बाबा. खाली कुणीतरी खातं.’

यावर उत्तर देण्याचा प्रयत्न बाबांनी केला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली जोशी राहतात, इथपर्यंत तो गेला आणि तिथेच थांबला.

पालकांचा एक प्रामाणिक समज असतो की निसर्ग म्हणजे शेपटी लावलेली इसापनीती. मुंगी दिसली की मेहनत, कोळी दिसला की चिकाटी. समुद्रात उतरलं की ही वही पहिल्याच लाटेला ओली होते. शिवाय तिथे मुलांपेक्षा पालकांचीच परीक्षा सुरू होते.

खोल समुद्रातल्या अँग्लर माशाचंच बघा. मादीच्या कपाळावर दिव्याची काठी. नर तिच्या मानाने अगदीच चिंगळी. त्याच्या काही जातींत नराला मादी सापडली की तो तिच्या अंगाला चावा घेतो आणि चिकटतो तो कायमचा. कातडीला कातडी जुळते, रक्ताभिसरण एक होतं, आणि पुढे तिच्याच रक्तावर तो जगतो. ‘घरजावई,’ आजीने एका शब्दात प्राणिशास्त्र आटोपलं.

नावाने ‘वाळूतला वाघ’ असणाऱ्या सँड टायगर शार्कच्या मादीला दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकात आधी वाढलेलं पिल्लू आतल्या आतच आपल्या भावंडांना खाऊन टाकतं, त्यामुळे जन्माला येतात ती दोनच. मुलगी एकुलती एक. तिने आईकडे असं काही बघितलं की आई उठून कुकर लावायला गेली.

आणि ऑक्टोपस! कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे दरीत, सुमारे १,४०० मीटर खोल, २००७ साली शास्त्रज्ञांना एक मादी खडकावरच्या अंड्यांवर बसलेली दिसली. ते पुन्हा गेले, ती तिथेच. पुन्हा गेले, ती तिथेच. अंगावरच्या खुणांवरून तीच ती, हेही पटलं. २०११ पर्यंत, तब्बल ५३ महिने ती जागची हलली नाही. कुणी तिला काही खाताना पाहिलं नाही. जवळून जाणाऱ्या खेकड्यांना तिने फक्त दूर ढकललं. ती झिजत गेली, फिकट पडत गेली. शेवटी अंड्यांची रिकामी टरफलं राहिली आणि ती नव्हती.

चातुर्मास करणाऱ्या आजीने हात जोडले. रात्री आठला घरी आलेल्या आईने पर्स खांद्यावरून उतरवता उतरवता हे ऐकलं आणि विचारलं, ‘हिची रजा कुणी मंजूर केली?’ तिला स्वतःला २६ आठवडे मिळाले होते आणि सत्ताविसाव्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी शाखेतून दोनदा फोन आला होता.

राहता राहिले बाबा. म्हणजे समुद्रातले. ठाण्यातल्या बाबांना मनापासून एक चांगला बाप दाखवायचा होता. समुद्रघोडा त्यांनी टाळला, कारण तिथे गर्भार नरच राहतो आणि कोबुदाईनंतर तो विषय त्यांना काढायचा नव्हता. मग ‘फाइंडिंग निमो’ आठवला. २००३ चा सिनेमा, हरवलेल्या पोरासाठी महासागर ओलांडणारा बाप. पण मुलगी आता हुशार झाली होती. क्लाउनफिश सगळे जन्मतः नर असतात, घोळक्यातली एकमेव मादी मेली की तिचा जोडीदार नर स्वतः मादी होतो, हे तिने कुठूनतरी शोधून आणलं. म्हणजे आई गेल्यावर निमोचे बाबा आई व्हायला हवे होते. डिस्नेवाल्यांनी हे लपवलं, असं तिचं म्हणणं, आणि प्राणिशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर ते बिनतोड आहे.

गंमत म्हणजे आदर्श बाप त्यांच्याच बाजारात बर्फावर पडलेला असतो. शिंगाळा. मादीने घातलेली गोट्यांएवढी अंडी हा नर तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत कित्येक आठवडे काही न खाता तोंड मिटून राहतो. तोंड मिटून राहणारा बाप! पण शिंगाळ्याला मिशा, अंगाला बुळबुळीतपणा, काट्याला विष. अशा तोंडाला भव्य संगीत कोण देणार?

संगीतावरून आठवलं. समुद्रावरच्या माहितीपटात खेकडा चालला की टकटक ऐकू येते, मासा वळला की सपकन आवाज होतो. आजीने एकदा विचारलं, ‘पाण्याखाली एवढं ऐकू येतं होय रे?’ बाबांनी शोध घेतला आणि आणखी एका बाजूने त्यांची निराशा झाली. हे आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत बसून तयार करतात. वर संगीत आहेच. ‘ब्लू प्लॅनेट टू’ला ते देणाऱ्यांत हान्स झिमर होते, ‘द लायन किंग’साठी ऑस्कर मिळवलेले. म्हणजे जे बघून पोटात कालवलं ते खरं, आणि जे ऐकून बरं वाटलं ते बनवलेलं.

जुन्या काळच्या सोज्वळपणाचं तर विचारूच नका. डिस्नेच्या १९५८ च्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात उड्या घेऊन सामूहिक आत्महत्या करताना दिसतात. चित्रपटाला ऑस्कर मिळालं. लेमिंग अशी आत्महत्या करतच नाहीत. चित्रीकरणासाठी ते बाहेरून आणून कड्यावरून ढकलले होते, हे पुढे उघड झालं. समुद्रपटांचा मूळपुरुष म्हणावा असा झाक कुस्तो आणि लुई माल यांचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा १९५६ चा. कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्कर, दोन्ही पटकावलेला. त्यात शास्त्रज्ञांची मंडळी मासे मोजायला प्रवाळात सुरुंग लावतात. बोटीच्या पंख्याने देवमाशाचं एक पिल्लू जखमी होतं, त्याच्या रक्तावर शार्क जमतात, आणि चिडलेले खलाशी शार्कना गळाने वर ओढून कुऱ्हाडीने तोडतात. त्या चित्रपटात बघवत नाही असा एकच प्राणी आहे आणि तो डेकवर उभा आहे. बाबांनी हा चित्रपट मुलीला दाखवला नाही. एकट्याने बघितला आणि टॅब लगेच बंद केली.

शेवटचा धक्का ‘ब्लू प्लॅनेट टू’च्या शेवटच्या भागाचा. तिथे समुद्रातलं प्लास्टिक येतं, आणि टीव्हीसमोर बसलेला माणूस प्रेक्षकाचा आरोपी होतो. सहा भाग मासे एकमेकांना खात होते तोवर सगळं ठीक होतं. सातव्या भागानंतर मुलीने स्वयंपाकघरात धाड घातली. पिशव्यांची पिशवी, जी प्रत्येक मराठी घरात सिंकखाली असते आणि जिच्यात आणखी पिशव्या असतात, ती तिने हॉलच्या मध्यभागी आणून ठेवली. महाराष्ट्रात २०१८ च्या जूनपासून बंदी लागू झाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. पण या पिशवीपर्यंत पालिकेचा निरीक्षक पोचला नव्हता तो आता पोचला. दुधीवर व्याख्यान देणाऱ्या बाबांना दुधी कशातून आणला ते विचारण्यात आलं.

टीव्ही नको, प्रत्यक्षच दाखवू, म्हणून मार्चमध्ये सगळे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेले. नाना फडणवीसांचं मूळ गाव, आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना घेऊन २००२ पासून इथे अंडी राखायचं काम सुरू केलं. मादी रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या तावडीतून वाचवण्यासाठी ती अंडी कुंपणातल्या वाळूत नेऊन पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू तापलेली असेल तर जास्त मुली, गार असेल तर मुलगे.

सकाळी सात वाजता दोरीमागे माणसांची रांग. टोपलीतून अकरा पिल्लं वाळूवर सोडली. प्रत्येक जण बिस्किटाएवढा. एक पिल्लू उलट्या दिशेने, नेमकं बाबांच्या चपलेकडे निघालं, थबकलं आणि वळलं. लाट आली, त्याला चार फूट मागे टाकून गेली. ते परत निघालं.

‘यांची आई न्यायला नाही आली?’ मुलीने विचारलं.

‘ती गेली बाळा. दीड-दोन महिने झाले.’

मुलीने कुंपणाकडे, टोपलीकडे, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या दादाकडे पाहिलं. ‘म्हणजे हे पाळणाघर आहे.’ आईने समुद्राकडे तोंड करून बराच वेळ गॉगल पुसला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि बाबा मुलीला घेऊन रविवारी सकाळी बाजारात गेले. आजीने जिताडा सांगितला होता. अलिबाग-पेणकडे जिताड्याचा मान मोठा. जावयाला आणि साहेबाला पाठवायचा मासा तो. कोळणीने पाटीवरचा ओला गोणपाट बाजूला केला. सहा-सात किलोचा, चंदेरी, डोळे लालसर चमकणारे. मुलगी वाकून बघत राहिली आणि बाबांच्या मनात नको ते आलं. जिताडाही त्यातलाच आहे. आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो, मग मादी होतो. ते गप्प राहिले.

‘मावशी, यात गाबोळी असेल?’ मुलीनेच विचारलं. आजीने फोनवर तिला बजावलं होतं.

‘मोठ्यान मिलते बाय, बारक्यान नाय,’ कोळीण म्हणाली आणि कोयता पुसला.

‘म्हणजे मोठे सगळे मुली?’

‘ता काय म्हायत नाय. मोठ्यान मिलते.’

मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी दरावर घासाघीस सुरू केली, जी ते एरवी कधीच करत नाहीत. कोळणीने काळी पिशवी ओढली तेवढ्यात मुलीने स्टीलचा डबा पुढे केला. डबा लहान पडला. शेपटाकडचे तुकडे शेजारच्या भाजीवाल्याकडून मागितलेल्या केळीच्या पानात आले आणि डोकं बाबांच्या रुमालात.

दुपारी कालवण झालं. गाबोळी आजीने वेगळी तळली आणि अख्खी नातीच्या पानात वाढली, कारण घरातला सगळ्यात चांगला घास नातीचा. नातीने मासा काट्यापर्यंत स्वच्छ खाल्ला. गाबोळीकडे थोडा वेळ बघितलं, मग ताटली हळूच आजीच्या पानाला टेकवून सरकवली.

‘अगं, टाकतेस काय?’

‘टाकत नाही. खाली कुणीतरी खातं.’

आजीचा हात भातावर थांबला. ‘खाली म्हणजे मी का गं?’